पाण्याकडे बघत उभी असलेली पाच माणसं

आमच्या ह्यांना चालायचा नाद होता. लग्न जमवताना ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच कळलं होतं. एस.टी. जिथवर जाते तिथवर जायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि पुढे रान असेल तर रानातून, पाणी असेल तर पाण्याच्या कडेने पाय बोलायला लागेपर्यंत चालायचं, हा त्यांचा रविवार. लग्नानंतर त्यांनी विचारलं, येतेस का. मी लगेच हो म्हटलं. त्यात चालण्याची हौस कमी आणि बोलण्याची जास्त होती.

गंगापूर रोडच्या आत एका कॉलनीत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. सासू-सासरे, कॉलेजात जाणारी नणंद आणि आम्ही दोघं. मधे एक सुती पडदा. उद्या डब्याला काय देऊ, असं मी ह्यांना अगदी हळू विचारलं, तरी पडद्यापलीकडून सासरे सांगायचे, मेथी. नवऱ्याचं स्वतःचं मत काय, हे त्या घरात कळायला मार्ग नव्हता. त्यांना मेथी आवडत नाही हे मला दीड वर्षांनी समजलं.

पण आमच्याकडे कुणी पायात चप्पल घातली की सासूबाई विचारायच्या, "दोघंच?" त्यात राग नसायचा, काळजी असायची. घरात माणसं असताना दोघांनीच फिरायला जाणं त्यांना बिचारं वाटायचं. त्यामुळे गंगापूर धरणाच्या कडेला नणंद आमच्याबरोबर आली. पेठच्या रस्त्याला सागाच्या रानात गेलो तेव्हा सासूबाई स्टोव्ह घेऊन आल्या. वाळक्या पाचोळ्यात स्टोव्ह पेटवू नका म्हणून ह्यांनी अक्षरशः हात जोडले, तेव्हा पिठलं राहिलं आणि आम्ही भाकरीबरोबर नुसता कांदा खाल्ला. पुढच्या खेपेपासून लक्ष ठेवायला सासरेही यायला लागले. कशावर लक्ष, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ऐंशी-एक्याऐंशीच्या हिवाळ्यात मला सटाण्याच्या एका शाळेत नोकरी लागली. बी.एड. होऊन मी दोन वर्षं चपात्या लाटत होते, त्यामुळे मला आकाश ठेंगणं झालं. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसऱ्या बाईंना जाणार होती. सटाणा काही रोज जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर नाही. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं करावं लागणार होतं. सासरे म्हणाले, सून परगावी एकटी राहणार नाही. सासूबाई म्हणाल्या, हे म्हणतात ते बरोबर आहे. नणंदेने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आणि माझा नवरा काहीच म्हणाला नाही. सासऱ्यांचा नकार मला एक वेळ पचला असता. ह्यांचं गप्प बसणं मला झोंबलं. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, जा किंवा जाऊ नको.

शुक्रवारी पाणी भरताना मी त्यांना म्हटलं, मला बोलायचंय. ते म्हणाले, रविवारी नांदूर-मध्यमेश्वरला जाऊ, तिथल्या धरणावर थंडीत लांबलांबचे पक्षी येतात. म्हणजे हजर व्हायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, चालेल. रविवारी सकाळी स्टँडवर आम्ही पाचजण होतो.

पण ह्यांनी एक युक्ती योजली होती. गाडीतून उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पाण्याजवळ अजिबात बोलायचं नाही आणि जवळजवळ चालायचं नाही, पक्षी उडून जातात. मतलब हा, की मंडळी पांगतील आणि आम्हाला दोन शब्द बोलता येतील. सासरे आयुष्यभर कचेरीत कारकून. नियम कळला की तो इतरांकडून पाळून घ्यायचा, हा त्यांचा स्वभाव. जवळजवळ चालायचं नाही हे ते विसरले आणि बोलायचं नाही एवढंच धरून बसले. मी ह्यांच्या बाजूला सरकून तोंड उघडलं की मागून खाकरणं यायचं आणि वळून बघितलं की सासऱ्यांच्या ओठांवर बोट.

उसाच्या बांधावरून, बाभळीखालून, चिखल चुकवत आम्ही पाण्याशी आलो. पलीकडे शेकडो बदकं होती. ह्यांनी कुजबुजत सांगितलं की त्या जवळच्या जोडीला हळदीकुंकू बदक म्हणतात. सासूबाईंनी भक्तिभावाने नमस्कार केला. मग आम्ही पाचहीजण एका ओळीत पाण्याकडे बघत उभे राहिलो. देखणं होतं सगळं, खोटं कशाला बोलू. पण माझा अर्धा जीव सटाण्याला होता.

बैल घेऊन एक शेतकरी बांधावरून चालला होता. तो थांबला. घरातली सगळी माणसं, म्हातारीसुद्धा, चिडीचूप पाण्याकडे बघताहेत, हे बघून त्याला जे वाटायचं तेच वाटलं.

"कोन पडलंय पान्यात?" त्याने सासऱ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पाण्याकडे दाखवलं.

आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत त्याने बैल सोडले आणि ओरडत गावाकडे पळाला. थोड्या वेळात दोर घेऊन, बाज घेऊन निम्मा गाव आला. दोघंजण सदरे काढून पाण्यात उतरले. सगळ्या धरणावरचे पक्षी एकदम उठले आणि आभाळ काळं झालं. इतके पक्षी तिथे आहेत हे आम्हाला त्यामुळेच कळलं. एका आजींनी सासूबाईंना कवेत घेऊन रडायला सुरुवात केली. सासूबाईंना कारण कळलं नाही, तरी त्याही रडल्या. शेवटी ह्यांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्या दोघांना समजावलं की कुणी पडलेलं नाही, आम्ही बदकं बघायला आलोय.

"बदकं?" तो शेतकरी म्हणाला. "नाशिकवरनं?"

त्यांनी आम्हाला मारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. उलट आजी आम्हाला घरी घेऊन गेल्या. कुणी मेलं नाही याचा चहा सगळ्यांना मिळाला. आजींनी मला जवळ बसवून विचारलं, तू काय करती बाय? मी उत्तर द्यायच्या आत सासरे म्हणाले, ती घरीच असते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते ओल्या विजारीत उकिडवे बसून काडीने चपलेचा चिखल काढत होते, आणि तेवढं मन लावून त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. चहा मला कडू लागला. मी मनाशी ठरवलं की आता विचारायचंच नाही.

परतीच्या गाडीत आम्हा बायकांना मागे बाक मिळाला. सासरे पुढे एका आसनावर टेकले. हे मधे दांडीला धरून उभे होते, विजारीतून अजून पाणी ठिबकत होतं. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला. ह्यांनी पाच तिकिटं मागितली आणि मग एवढ्या मोठ्या आवाजात विचारलं की ड्रायव्हरसुद्धा मागे वळला.

"उद्या सकाळी सटाण्याला पहिली गाडी कितीला आहे हो?"

"सहाला," कंडक्टर म्हणाला. "कांद्याचं काम काढलं का?"

"नाही. बायकोला तिथे शाळेत नोकरी लागलीय. उद्या हजर व्हायचंय."

नणंदेने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. आमच्या पडद्याआड जे दोन वर्षांत बोलता आलं नाही, ते ह्यांनी कोंबड्यांच्या पाट्या आणि भाजीच्या गाठोड्यांसकट सगळ्या गाडीसमोर सांगून टाकलं होतं. मला रडू येत होतं आणि हसूही. सासूबाई सासऱ्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

सासरे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. निफाड गेलं, ओझरचा फाटा गेला. नाशिकचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते उठून मागे आले. आडगाव नाक्याशी गाडीला धक्का बसला तसे बाकाला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सहाच्या गाडीला मरणाची गर्दी असते. मी पुढे होऊन खिडकीतून रुमाल टाकतो, तू सावकाश चढ."