तिच्या बोटांचे खळगे

जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात माझं काम स्टिअरिंगवर चढवायच्या चामड्याचं. त्यावर एक सुरकुती दिसली तरी माझं डोकं फिरतं. हे ऐकूनच खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा एका शनिवारी दुपारी दारात उभे राहिले, हातात जपानी तलवारीची नुसती मूठ घेऊन. लाकडी मूठ, त्यावर चामड्याच्या पट्टीचे तिरके वेढे. तलवार त्यांच्या बायकोची, रोजच्या सरावाची; वेढेही तिनंच घातलेले. ती वसंतात गेली. आता पट्टी ढिली पडली होती. नवी नको, हीच घट्ट करून द्या, म्हणाले.

"तिची बोटं त्यात आहेत," ते म्हणाले. "ती तेवढी जाऊ देऊ नका."

म्हातारा हळवा झालाय, मी मनात म्हटलं. मग मूठ धरून पाहिली आणि अंगावर सर्रकन काटा आला. चामड्यात खरंच बोटांचे खळगे होते, आणि माझी बोटं त्यात नेमकी बसली, अगदी करंगळीसुद्धा.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. माझे हात कायम गरम. हिच्या हाती लोणी देऊ नका, वितळेल, असं त्या चारचौघांत चिडवायच्या. त्यांनी मूठ पाहिली आणि गेलेल्या बाईच्या हातचं चामडं देवघराशेजारी नको, म्हणून मला तळघरात, आमच्या केलरमध्ये पिटाळलं.

तिथं मी प्रत्येक वेढ्याचा फोटो काढला, पट्टी सोडली, ओलवली आणि ताणून पुन्हा तशीच गुंडाळली. खळगे जागच्या जागी आले. शाबास, म्हटलं. पण टोकाशी एक बारीक सुरकुती राहिली होती. झालं! जित्याची खोड. कारखान्यात करतो तसा गरम हवेचा झोत मारला. सुरकुती गेली आणि तिच्याबरोबर खळगेही गेले. मूठ गुळगुळीत, नव्या स्टिअरिंगसारखी.

मला रडूच फुटलं. त्या माणसाजवळ तिचं एवढंच उरलं होतं, आणि तेही मी पुसून टाकलं.

मग जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. चामडं पुन्हा ओलवलं आणि सुकेपर्यंत माझ्याच हातात आवळून धरलं. दोन तास तरी बसले असेन. बोटं बधिर झाली. मध्ये एकदा सोडायला गेले तर हात सुटेना. मी मूठ धरलेली नाही, मुठीनंच मला धरलंय, असं वाटलं. भयंकर घाबरले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. खळग्यांवरून अंगठा फिरवत, डोळे मिटून कितीतरी वेळ उभे राहिले.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. हीच ती. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना रीतीप्रमाणे त्यांनी हस्तांदोलन केलं. पण हात सोडला नाही. माझं एकेक बोट चाचपत करंगळीपर्यंत गेले. माझी चोरी पकडली गेली, मला वाटलं.

"तिचे हातही असेच गार असायचे," ते म्हणाले.

या गोष्टीला आता वर्ष होईल. सासूबाई पुन्हा आल्यात. लोणी काढायचं काम त्या बिनदिक्कत माझ्यावर सोपवतात.