शिवाप्पामामा आणि दोन ट्रॅक्टर

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागून ठेवतो. आमच्या घरात लिहिणारा माणूस मी पहिलाच. लिहिणारा म्हणजे कॉलेजात जाणारा, एवढंच. ज्यांची चित्रं शब्दांत काढतात ती माणसं मोठी असतात आणि काढणारेही जाणते असतात. मी ज्यांच्याविषयी लिहितोय त्या शिवाप्पामामांना येरमाळ्याच्या आसपासची दहा-पंधरा गावं सोडली तर कुणी ओळखत नव्हतं. त्यांना स्वतःला हे कळलं असतं तर म्हणाले असते, "कागद लई झालेत का पोरा?" तरीही लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

मामा मूळचे मुरुमकडचे. तरुणपणी एका बागायतदाराकडं ट्रॅक्टर चालवायला म्हणून इकडं आले आणि इकडचेच झाले. वय झाल्यावर हायवेच्या कडेला एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये बसायचे. पण त्यांची खरी ओळख वेगळी होती. कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की लोक म्हणायचे, "शिवाप्पामामांना न्या." मग मामा धोतराचा सोगा वर खोचून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून एसटीनं त्या माणसाबरोबर जायचे.

विकणाऱ्याच्या दारात गेल्यावर ते आधी माणसाशी बोलत नसत. मालक "या, या, बसा" म्हणत पुढं यायचा आणि मामा त्याला ओलांडून सरळ ट्रॅक्टरकडं जायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा हाताचा मागचा भाग इंजिनाला लावायचे. इंजिन गार असलं तर वळून म्हणायचे, "राम राम मालक." गरम असलं तर राम रामही नाही. "उद्या येतो," म्हणून परत फिरायचे. मालक मागून सांगत राहायचा की सकाळी पाण्याची टाकी आणायला लावला होता, अमुक होतं, तमुक होतं. मामा चालता चालता म्हणायचे, "आणा की टाकी. मला मातर त्याचा पहिला खोकला ऐकायचाय."

आणखी एक. सौदा ठरेपर्यंत ते विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नसत. मात्र चहा ठेवायला लावायचे. ट्रॅक्टरची मागची, अवजारं उचलणारी लिफ्ट वर घ्यायची, तिच्यावर दोन माणसं उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि आत सांगायचं, "वैनी, चहा ठेवा." चहा उकळून, गाळून, कपात बाहेर येईपर्यंत लिफ्ट जागची हलता कामा नये. हलली तर आतला पंप थकलेला. लोक कप हातात घेऊन लिफ्टकडं बघत राहायचे. मामा एकटेच पाणी प्यायचे.

आमच्या घरी ट्रॅक्टरचा विषय निघाला तो माझ्यामुळं. आम्ही रानात वस्तीवर राहतो. थोडी जमीन, चार म्हशी, लिंबाची पन्नास झाडं. वडील, म्हणजे आमचे आबा, कडब्याच्या गंजीवरून पडले तेव्हापासून त्यांची कंबर धरली होती आणि दोन्ही पायांतली ताकद कमी झाली होती. डावा गुडघा तर फारच अधू. बैलजोडी ठेवणं होईना म्हणून विकली. शेणखत टाकणं, कडबा आणणं, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढणं, ही कामं मी गावातल्या कुणाचा तरी ट्रॅक्टर मागून आणून करायचो. बारावी झाली, लातूरच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला. मी गेलो तर ही कामं कोण करणार? आईनं एका संध्याकाळी तोडगा काढला. लहानसा, जुना का होईना, आपला ट्रॅक्टर घ्यायचा आणि आबांनी तो चालवायला शिकायचं. आबा म्हणाले, "ह्या वयात?" आई म्हणाली, "मग पोराला ठेवून घ्या." आबांनी दुसऱ्या दिवशी मामांना गाठलं.

पहिला ट्रॅक्टर बघितला तो मुरुमला, एका आडत दुकानदाराचा. निळा, जुना पण नवऱ्या मुलासारखा ठेवलेला. इंजिन गार होतं. चावी फिरवली आणि अर्ध्या फेऱ्यात सुरू झाला. धूर नाही. चहा आला, संपला, लिफ्टवरच्या दोघांनी उभ्यानंच कप रिकामे केले, लिफ्ट तसूभर हलली नाही. मी त्यावर बसून वाड्याभोवती एक चक्कर मारली. उतरलो तेव्हा मनातून तो माझा झाला होता. हे कबूल करायला हवं. शिकायला जायचंय हे त्या पाच मिनिटांत मी विसरलोच होतो.

मामा आबांना म्हणाले, "भागवतराव, आता तुमी बसा."

आबांनी चपला काढल्या.

"घाला चपला," मामा म्हणाले. "देऊळ न्हाय ते."

आबा चढले. डाव्या पायानं क्लच दाबला, पण तो पूर्ण दाबेना. दाबला तर धरून ठेवता येईना, मांडीपर्यंत पाय थरथरत होता. मग तो सुटला आणि ट्रॅक्टर उडी मारून पुढं गेला, जनावरांच्या सिमेंटच्या हौदाला टेकला तेव्हा थांबला. हौदाला काही झालं नाही. आबांचा चेहरा मात्र उतरला. दुकानदाराची माणसं हसू दाबत होती. खाली उतरून आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चालवणार पोरगंच हाय. माझं काय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग कालिजाचा अर्ज कुणासाठी भरला हुतास? माझ्यासाठी?"

 मामा दुकानदाराकडं वळले. "मालक, ट्रॅक्टर लई चांगला हाय तुमचा. असा मिळायचा न्हाय. पण आमाला जमत न्हाय."

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं मामा आपणहून बोलले, "लोक रान बघून ट्रॅक्टर घेत्यात. बसणारा कोण, त्ये बघतच न्हाईत." मला ते पटलं नव्हतं. प्रवेश घ्यायला आठ दिवस उरले होते आणि हाताशी आलेला उत्तम ट्रॅक्टर ह्या म्हाताऱ्यानं घालवला, एवढंच मला दिसत होतं.

दुसरा ट्रॅक्टर ईट गावात, एका निवृत्त गुरुजींकडं. तिथं चूक केली ती आबांनी. पाहुणे म्हणून जायचं तर आधी कळवायला नको का, म्हणून त्यांनी गुरुजींना फोन केला की आम्ही सकाळी येतोय. गुरुजीही तसेच. पाहुण्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून पहाटे उठून त्यांनी ट्रॅक्टर सुरू करून, तापवून, पुसून ठेवला. मामांनी हात लावला आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"मामा, म्याच फोन केला हुता," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांची काय चूक न्हाय."

मामांनी पिशवी खांद्यावरून काढली. मग ओट्यावर जाऊन बसले. "गार होऊ द्या. बसू."

आणि खरंच आम्ही दुपार कलेपर्यंत बसलो. गुरुजींच्या घरातून तीनदा चहाचं विचारणं झालं, एकदा जेवणाचं. आम्ही जेवलो. मामांनी पिशवीतली भाकरी काढून खाल्ली. गुरुजींच्या बाई आतून म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत नाही का यांना?" मामा म्हणाले, "चालतं की माय. पण तुमचं मीठ खाल्लं तर तुमच्या ट्रॅक्टरला नावं कशी ठेवू?" त्यावर बाई हसल्या आणि त्यांनी आतून लोणचं पाठवलं. तेही मामांनी घेतलं नाही. आबांच्या ताटात सरकवलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोललो. विचारलं, "मामा, तुम्ही इतके ट्रॅक्टर चालवले, स्वतःचा का नाही घेतला?"

"तीस वर्सं चालवला की."

"तो मालकाचा."

"कागदावर मालकाचा. मालक कधी बसला न्हाय त्याच्यावर." मग म्हणाले, "माझ्या पोरालाबी शिकवला. त्याला लई यायचा. म्या म्हणलं, माझ्या जागी लागला, झालं. साळा सोडवली." त्यांचा मुलगा आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहे हे मला माहीत होतं.  मामा उठून इंजिनाला हात लावून आले. "अजून थोडं," म्हणाले.

चारच्या सुमाराला त्यांनी चावी फिरवली. लाल रंग पार विटलेला, बॉनेट एका बाजूनं चेपलेलं. तो तीनदा खोकला, पांढरा धूर सोडला आणि मग सुरू झाला. मामा कान देऊन उभे होते. चहा अजून उकळतच होता तोवर लिफ्ट वीतभर खाली बसली. मी मनात म्हटलं, हाही गेला.

"भागवतराव, बसा."

आबा चपला घालूनच चढले. सीट बुटकी होती, क्लच हलका होता, पाय सहज पोचला. क्लच दाबला, धरला, हळू सोडला. ट्रॅक्टर म्हाताऱ्या म्हशीसारखा पुढं निघाला. आबांनी अंगणात एक फेरी मारली. मग दुसरी. मामांनी हात वर करून थांबायला सांगितलं तरी तिसरी मारली. माझ्या आठवणीत आबांनी कुणाचं न ऐकल्याची ती पहिलीच वेळ.

"मामा, लिफ्ट बसते," मी म्हणालो. "मुरुमचा याच्यापेक्षा शंभर पटीनं चांगला होता."

"व्हता. लिफ्ट म्या नीट करीन," मामा म्हणाले. "आबाचा गुडघा मला नीट करता येत न्हाय." मग आत वळून म्हणाले, "वैनी, आता द्या माझा चहा."

पुढचे पाच दिवस मामा रोज सकाळच्या एसटीनं वस्तीवर आले. लिफ्ट खोलून नीट केली आणि आबांना शिकवलं. ओरडून शिकवत नसत. आबा घाबरून क्लच सोडायला लागले की बाजूला उभे राहून म्हणायचे, "झोपलेल्या लेकराखालनं हात काढता तसा काढा पाय." मला मात्र त्यांनी त्या ट्रॅक्टरवर एकदाही बसू दिलं नाही. मी एकदा रागानं विचारलं तेव्हा म्हणाले, "तू बसलास की आबा उतरत्याल. मग पुन्हा चढायचे न्हाईत." मी लातूरला निघालो त्या दिवशी आबांनी मला ट्रॅक्टरवरून फाट्यापर्यंत सोडलं. मामा मडगार्डवर बसले होते. एसटी आली तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडलं नसावं. "जा, जागा धर," एवढंच म्हणाले.

सुट्टीत आलो की भेट व्हायची. मी काय शिकतो हे त्यांना नीट कळत नसे, पण पहिला प्रश्न ठरलेला, "वरच्या वर्गात गेलास का?" गेलो म्हणालो की पुढचं काही विचारत नसत. ट्रॅक्टरबद्दल मला बोलू देत नसत. "त्ये आबाला इचार."

यंदा माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा तीन आठवडे चालली. शेवटचा पेपर झाल्यावर मी घरी फोन केला. आईनं पेपर कसे गेले विचारलं, जेवणाचं विचारलं. मी म्हणालो, "मामांना सांग, बहुतेक जाईन वरच्या वर्गात."  तेव्हा तिनं सांगितलं. मामा जाऊन नऊ दिवस झाले होते. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही.

मी विचारलं, मला का नाही कळवलं? तिनं फोन आबांकडं दिला. आबांनी सगळं सावकाश सांगितलं. मामा लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून नेतात. आमच्याच ट्रॉलीला केळीचे खांब बांधले, झेंडू लावला, मामांना मधोमध बसवलं. येरमाळ्यातून समाधीच्या जागेपर्यंत चढ आहे, रस्ता उखडलेला आहे. बसवलेलं माणूस, जरा झटका लागला तरी कलणार. तासभर लागला, पण मामा शेवटपर्यंत ताठ होते म्हणे.

"पण आबा, मला एक फोन करायचा," मी म्हणालो. "मी आलो असतो. मी चालवला असता."

"तुझा पेपर हुता," आबा म्हणाले. "आन् डायवर हुता की घरात."