पुस्तकापेक्षा शहाणा

विचार करायला मला शिकवलं ते इंग्रजीच्या कटरे मॅडमनी. आज हैदराबादच्या खोलीत घरून आलेल्या वाळक्या मोहफुलांची पुडी उघडली, अन् त्या वासासरशी सालेकशाच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवला.

धड्यात होतं, उन्हाळ्यात जंगल झोपतं. मी घाबरतच उठलो. “मॅडम, माही माय तं उन्हाळ्यातच जंगलात मोहफुलं वेचून राहते.”

“पुस्तकापेक्षा शहाणा!” म्हणत पोरं हसली. मला वाटलं, पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही.

“हसता कायले? पुस्तक चुकलं काय, ते सांगा,” मॅडम म्हणाल्या. माझ्याकडून तेच इंग्रजीत वदवून घेतलं अन् ते मोडकं वाक्य फळ्यावर लिहिलं. त्यावर वर्ग तासभर भांडला.

दहावीआधीच मला शाळा सोडावी लागली. तरी आजही कुठल्या कागदावर सही करण्याआधी मी प्रश्न विचारतोच.

मॅडम, माझी लेक पुस्तकाला चूक म्हणेल तेव्हा मी तिचं पूर्ण ऐकून घेईन. तुमचं ऋण असंच फेडीन.