पाचव्या फाउलचा हात

हाफटाइम व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि माझे तीन फाउल झाले होते. चौथ्या वेळी शिटी वाजली तेव्हा मी बॉलपासून चांगली लांब होते. तरीही माझा हात वर गेला. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, बोटांनी सात दाखवले, आणि स्कोअर टेबलवर सात नंबरच्या नावावर चौथा फाउल लागला. सात नंबर माझा.

ज्यांनी बास्केटबॉल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या खेळाडूला धक्का दिला, हातावर मारलं, तर तो फाउल. पाच फाउल झाले की ती खेळाडू बाहेर. पुन्हा त्या मॅचमध्ये येता येत नाही. आमच्या वेळी असा नियम होता की ज्या खेळाडूचा फाउल असेल तिने टेबलकडे तोंड करून हात वर करायचा, म्हणजे लिहिणाऱ्याला नंबर नीट दिसे. जर्सीचे नंबर चारपासून सुरू होत, कारण एक, दोन, तीन ही बोटं पंचांना दुसऱ्या खुणांसाठी लागत.

नियम एवढाच होता. पण मी पंचांनी नंबर दाखवायची वाटच पाहत नसे. शिटी वाजली की माझा हात वर.

"शकुन," आमची कॅप्टन मंदाताई माझ्याजवळून जाताना म्हणाली, "तो फाउल कोणाचा होता?"

"माहीत नाही, ताई."

"मग हात काहून वर केला?"

मंदाताई आमच्या नागपूरच्या ऑफिसात अकाउंट्सला होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. टीम तिच्या खांद्यावर चालायची. हे तिचं शेवटचं वर्ष आहे असं ती दर वर्षी म्हणायची, पण त्या वर्षी तिचा गुडघा पाहून आम्हालाही ते खरं वाटत होतं.

माझी नोकरी खेळामुळे लागली होती. तेव्हा बाईमाणसाला खेळून पगार मिळायचा तो असाच. सकाळी प्रॅक्टिस, दिवसभर डिस्पॅचमध्ये पाकिटं, संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस. माझी जागा टेंपररी होती. मी बाहेरून बी.ए.ही करत होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. फी त्याच पगारातून जायची. नोकरी सुटली तर दिघोरीला परत जायचं, आणि परत गेल्यावर पुढे काय होतं ते आमच्या गावच्या कोणत्याही मुलीला सांगावं लागत नाही.

आमच्या टीमचं पाहणाऱ्या साहेबांनी भंडाऱ्याच्या या टूर्नामेंटआधी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. त्याआधीच्या प्रत्येक मॅचमध्ये मी पाच फाउल होऊन बाहेर गेले होते. साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, "बेंचवर बसणाऱ्या मुली माझ्याकडे आहेत. मला कोर्टवर राहणारी पाहिजे. भंडाऱ्यात पुन्हा फाउल-आउट झालीस तर मुदतवाढीसाठी मला तुझं नाव पुढे पाठवता येणार नाही."

मी "सॉरी सर" म्हटलं. ऑफिसात माझं पहिलं वाक्य बहुतेक हेच असे. एकदा रात्रभर सेक्शनचा पंखा चालू राहिला होता. सकाळी हेडक्लार्कनी विचारलं, कोणी चालू ठेवला? मी उभी राहिले. आदल्या दिवशी मी दुपारीच मॅचला गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. हेडक्लार्क हसले आणि म्हणाले, बसा.

तर भंडारा. सिमेंटचं कोर्ट, चारी बाजूंना दोरी, दोरीमागे गर्दी. आमचे बाबा पहाटेच्या एसटीने आले होते. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं होतं म्हणून त्यांना येता आलं. पोरीला हाफपँटमध्ये पाहून त्यांना काय वाटेल याची मला मॅचपेक्षा जास्त धास्ती होती. हाफटाइमला मी दोरीजवळ गेले. त्यांनी पिशवीतून पोह्याचा डबा काढला. कपड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

"एक विचारू का, बाई?" ते म्हणाले. "तू घडीघडी हात वर करून कोणाले मत देऊन राहिली?"

मागे उभी असलेली पोरं हसली. मी बाबांना हळू आवाजात समजावलं, की चूक झाली की हात वर करावा लागतो.

बाबांनी कोर्टकडे पाहिलं. दहा मुलींचा खेळ त्यांनी नीट पाहिला असावा. मग म्हणाले, "बाकीच्या नऊ जणी तं काही चुकताना दिसत नाहीत. सगळ्या चुका तुयाच हायेत का?"

एक गोष्ट मनात आली, ती त्यांना सांगावी असं वाटलं आणि धीर झाला नाही.

आमच्या गावी तलावाचं पाणी पाटाने बांध्यांना मिळतं. बांधी म्हणजे धानाचं शेत. ज्याची बांधी तलावाजवळ त्याला पाणी आधी, आणि आमची बांधी पाटाच्या अगदी शेवटी. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की तिथे नसलेल्याचंही नाव निघे. रात्री पाट कोणी फोडला असा प्रश्न आला की बाबा सगळ्यांआधी हात जोडत. "माह्यंच चुकलं असंल," म्हणत. त्यांचं चुकलेलं नसे. पण भांडण तिथेच मिटे, आणि मिटलं की पाणी पुढे सरके. भांडत बसलं असतं तर शेवटच्या बांधीतला धान सुकला असता. मी लहानपणापासून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून हे पाहत होते. हात कधी वर करायचा ते मी कोर्टवर शिकले नव्हते.

साहेबांनी मला दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ बसवून ठेवलं. मग आमची एक मुलगी लंगडायला लागली आणि मला पाठवावंच लागलं. मंदाताईचेही तोवर चार फाउल झाले होते. आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. समोरच्या टीमची आठ नंबरची शूटर आत घुसली. मंदाताई, मी आणि आणखी एक मुलगी, तिघी एकदम उडालो. मला मंदाताईचा हात तिच्या मनगटावर बसलेला दिसला. आवाजही आला. शिटी वाजली.

पंच गर्दीच्या मागे होते. त्यांनी फाउलची मूठ वर केली आणि आम्हा तिघींकडे पाहत राहिले. नंबर त्यांना दिसला नव्हता. मग ते फक्त माझ्याकडे पाहायला लागले. सगळेच माझ्याकडे पाहायला लागले. टेबलवरच्या माणसाने तर पेन टेकवलंही असेल.

माझा उजवा हात उठायला लागला होता. मी तो डाव्या हाताने धरला. खरंच धरला, मनगटाला. हात वर गेला असता तर मॅच, नोकरी, बी.ए., सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं. आणि नाही गेला तर मंदाताई जाणार होती, हेही मला दिसत होतं. त्या वेळी मी फार काही ठरवलं असं म्हणणार नाही. मी फक्त हात धरून उभी राहिले.

मंदाताईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही थोडा वेळ लागला. ती माणूसच होती. मग तिने टेबलकडे तोंड केलं आणि हात वर केला.

बाहेर जाताना ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या आठ नंबरले आता तू पकड."

शूटरचे दोन्ही फ्री थ्रो आत गेले. फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर कोणी न अडवता बास्केट करायची संधी, प्रत्येकीला एक पॉइंट. आठ नंबरला मी शेवटपर्यंत बास्केट करू दिली नाही, पण आमचीही झाली नाही. आम्ही एका पॉइंटने हरलो.

परतीच्या जीपमध्ये साहेब पुढे बसले होते. शहापूर गेल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "शकुंतला, वर्षभर वर जाणारा हात आज कुठे होता? मंदा राहिली असती तर मॅच आपली होती."

माझ्या तोंडात "सॉरी" आलं होतं. मी ते गिळलं. "साहेब, तो फाउल माझा नव्हता," मी म्हटलं. साहेबांशी सॉरीशिवाय सुरू केलेलं माझं ते पहिलं वाक्य.

गुडघ्यावर ओला रुमाल धरून बसलेली मंदाताई म्हणाली, "साहेब, बाहेर गेली तर तिले घरी पाठवणार होते तुम्ही. आत राहिली तर आत काहून राहिली म्हणता. पोरीनं करावं तरी काय?"

ड्रायव्हर हसला आणि मग खोकला.

महिना संपला तेव्हा माझी मुदत वाढवून मिळाली. साहेबांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पर्मनंट व्हायला पुढे दोन सीझन लागले. मंदाताई त्या वर्षी खरंच थांबली. बी.ए. झालं, उशिराने.

त्या मॅचनंतरच्या खरिपात मी सुटीवर दिघोरीला गेले होते. पाण्यावरून पाळीवर माणसं जमली होती. कोणीतरी पाट फोडल्याचं काढलं आणि बाबांनी हात जोडले. घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुमी तं रात्री घरीच होते ना? मले म्हणता सगळ्या चुका तुयाच का, अन् तुमी?"

ते बांधावरून पुढे चालत होते. म्हणाले, "माही बांधी शेवटची हाये, बाई. तुयी नाही."

पुढे मी बरीच वर्षं खेळले आणि नंतर ऑफिसच्या मुलींना शिकवलं. हात वर करायचा नियम त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगत असे. फाउल आपला असेल तर हात लवकर वर करा, पंचांचा वेळ घेऊ नका. आपला नसेल तर नंबर त्यांना शोधू द्या. तेवढ्या वेळात श्वास घेऊन होतो.