लांब खिडकीचा पडदा

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी धुकं. वन्संनी अर्धी पोळी खाल्ली, दुधात कुस्करून. पडद्याचा ट्रॅक आला, चौपन्न इंच. उल्हास नागपूरहून साडेपाचला पोचला, गाडीसकट. उद्या दुपारी दोनला निघायचं.

एवढं लिहून प्रमोदिनीनं डायरी मिटली होती. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी तिला नवव्या वर्षी शिकवलं होतं, "काय घडलं ते लिही. काय वाटलं ते देवाला सांग." लग्न होऊन ती काशीत आली, नवरा गेला, सत्त्याहत्तरावं लागलं, तरी तिनं तो नियम मोडला नव्हता. लग्नानंतरच्या अठ्ठावन्न डायऱ्या कपाटात वर्षवार उभ्या होत्या.

जायचं होतं ते अन्नपूर्णेला, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेला. भोसले घाटापाशी जन्मलेली अन्नपूर्णा विधवा झाल्यावर भावाच्या या महमूरगंजच्या घरी आली, त्याला एकतीस वर्षं झाली. भाऊ गेल्यावर घरात दोघीच उरल्या. दोघींच्या खोल्यांमधलं दार कधी लावलेलं नव्हतं. तिथे निळा पडदा असायचा आणि त्याच्याआडून रात्रंदिवस बोलणं चालायचं. ऑगस्टमध्ये अन्नपूर्णा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलायला गेलेल्या प्रमोदिनीचं मनगट मोडलं. तेव्हा अन्नपूर्णेच्या मुलानं, उल्हासनं ठरवलं, आईला नागपूरला न्यायचं. प्रमोदिनीला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती? एका हातानं माणूस कुशीवर वळत नाही.

अन्नपूर्णेला बसवत नव्हतं, म्हणून रेल्वे नको. अँब्युलन्सचं नाव काढताच ती म्हणाली, "माझा अजून जीव आहे." शेवटी उल्हासच्या मामांची जुनी मॅटाडोर निघाली. प्रमोदिनीच्या नवऱ्यानं, श्रीरामनं, शहाऐंशी साली तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून तिचं चालतं घर केलं होतं. त्याच्यामागे उल्हासनं ती नागपूरला नेऊन जिवापाड जपली. बाकीच्या खिडक्या त्यानं पत्र्यानं बंद केल्या होत्या. पलंगाशेजारची एक लांब खिडकी तेवढी उघडी होती. अन्नपूर्णेची अट एकच होती. "माझं सगळं पलंगावरच करायचं ना? मग त्या खिडकीला पडदा हवा. अख्ख्या रस्त्यासमोर मी उघडी पडणार नाही. पडदा नसेल तर मला इथंच मरू दे, मरायला काशीच बरी."

उल्हासनं फोनवर विचारलं होतं, "मामी, खिडकीचं माप तुमच्या डायरीत असेल का?"

"असेल का म्हणजे? आहेच." शहाऐंशीची डायरी काढून तिनं माप वाचलं आणि कुशल नावाच्या मिस्त्रीकडून ट्रॅक कापून घेतला. तो म्हणाला होता, "अम्मा, गाडी आने दीजिए, फिर नाप लेंगे." तिनं त्याला डायरीचं पान दाखवलं होतं.

रविवारी सकाळी कुशल गाडीत चढला. ट्रॅक खिडकीवर धरला आणि हसला.

"नाप तो एकदम सही है अम्मा. दीवार गोल है."

गाडीची बाजू मधोमध बाहेर फुगलेली होती. चौपन्न इंच तिनं लिहिले होते, भिंत सरळ नाही हे लिहिलं नव्हतं. कुशलनं ट्रॅक वाकवून स्क्रू मारले. मध्ये चुणी पडली. पडदा तिथपर्यंत यायचा आणि अडायचा. दुसऱ्यांदा वाकवला, तर ट्रॅक तुटलाच.

"स्प्रिंग डाल दीजिए, दो हुक में," कुशल म्हणाला. "लेकिन मेरे पास नहीं है, और आज इतवार. आते हुए तीन दुकान देखी, सब पे ताला." हुक तेवढे त्यानं ठोकून दिले आणि दुसऱ्या कामावर गेला.

उल्हास पायरीवर बसला. "मंगळवारी मला ड्यूटीवर हजर व्हायचंय, मामी. आज निघालो नाही तर पुढल्या महिन्यातच."

"पुढल्या महिन्यात," ती म्हणाली.

मधल्या दारावर स्प्रिंग होती. निळ्या पडद्याच्या दुमडीत लपलेली, दोन हुकांवर ताणलेली. उल्हास सकाळपासून चार वेळा त्या पडद्याखालून वाकून गेला होता, त्याला दिसली नव्हती. प्रमोदिनीनं आत जाऊन वरणाला कुकर लावला. पुढला महिना म्हणजे तीस दिवस. तेवढ्यात मनगटाला जोर येईल. कोण जाणे, वन्संचं मनच फिरेल.

"झाला का गं पडदा?" पलीकडून हाक आली.

"ट्रॅक तुटला, वन्सं."

"तुझ्या डायरीनं दगा दिला म्हण की! श्रीरामला सांगायला हवं वर गेल्यावर." ती खुदकन हसली. मग आवाज उतरला. "प्रमोदिनी, जरा ये. चादर ओली झालीये."

ती गेली. उजवा हात अन्नपूर्णेच्या पाठीखाली घातला, डाव्यानं रेटलं. मनगटातून कळ थेट खांद्यात गेली. पुन्हा रेटलं. अन्नपूर्णा अर्धवट वळून तशीच लटकली. "सोड, सोड, पडेन मी!"

"उल्हास!" प्रमोदिनीला ओरडावंच लागलं.

तो धावत आला. आईला त्यानं अलगद कुशीवर घेतलं, चादर ओढली, लुगडं बदलायला वाकला. अन्नपूर्णेनं भिंतीकडे तोंड फिरवून डोळे गच्च मिटले. ती इथं राहिली तर हेच उद्या, परवा आणि पुढले तीसही दिवस, बोलावून आणलेल्या परक्या हातांनी होणार होतं.

प्रमोदिनी बाहेर आली. स्टूल ओढून चढली आणि निळा पडदा हुकांवरून काढला. पडद्यातून स्प्रिंग ओढून घेतली. गाडीत जाऊन नव्या पडद्याच्या दुमडीतून ती ओवली. एका हातानं ताणेना, म्हणून एक टोक हुकात अडकवून दुसरं दातात धरलं. स्प्रिंग बसली. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला.

उल्हास आईला उचलून आणेपर्यंत ती खाली उतरून उभी होती. "मामी, ही कुठून आणलीत?" "घरात होती," ती म्हणाली.

पलंगावर निजवल्यावर अन्नपूर्णेनं पडदा मागे-पुढे करून पाहिला. मग फटीतून हात बाहेर काढला. प्रमोदिनीनं तो धरला. "माझा चष्मा घेतलास ना?" "घेतला, वन्सं. उशीखाली आहे." गाडी सुरू झाली तेव्हा हात सोडावा लागला.

संध्याकाळी तिनं लिहिलं:

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. गाडी दोन वाजून चाळीस मिनिटांनी निघाली. मधल्या दाराला पडदा नाही.