करारावरची काळी गाडी

अकोल्यात दवाखाना काढून मला तिसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा मी ती गाडी घेतली. घेतली म्हणजे विकत नव्हे. एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींची ती विलायती गाडी. ते गेल्यावर वर्षभर फाटकाआड उभी होती. त्यांच्या पत्नीने ती मला दोन वर्षांच्या कराराने वापरायला दिली.

"विकायची नाही," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर राहू द्या."

बाई गाडी चालवते याचंच तेव्हा लोकांना नवल, त्यात ही एवढी लांबलचक, काळी. मागची बैठक पलंगासारखी मऊ, खिडक्यांना राखी पडदे. दर रविवारी मी ती स्वतः धुवायची. खेड्यावर बाळंतपणाला गेले की परतताना मुद्दाम लांबचा रस्ता धरायची. मला तिचा मोह पडला होता, हे कबूल केलं पाहिजे.

गाडी थांबली की कुठल्याही गावात पोरं भोवती गोळा होत. अकोटच्या रस्त्यावरच्या एका गावात मात्र तसं होत नसे. तिथे बाया पोरांना ओढून आत नेत. पारावर बसलेला एक माणूस उठे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाठ फिरवून उभा राही. डॉक्टरणीच्या सुईची भीती असेल, अशी मी समजूत करून घेतली. मग एकदा त्या गावातून निरोप आला, "सून अडली हाये. बाईले सांगजा, पायी या म्हना. गाडी गावात आनू नका."

मी गाडी गावाबाहेर ठेवून चालत गेले. बाळंतपण सुखरूप झालं. हात धुताना मी त्या सुनेच्या सासूला विचारलं, "गाडी काहून नको होती?"

"पारावर उभा रायते ना थो मानूस, त्याच्या पोरीले याच गाडीनं उडवलं," ती म्हणाली. "सात वर्साची होती. शेठ थांबला नाही."

परत आले तेव्हा ऊन गाडीवर तिरपं पडलं होतं. डावीकडच्या मडगार्डचा काळा रंग बाकीच्या काळ्यापेक्षा जरासा वेगळा होता. इतके रविवार मी तिथून फडकं फिरवलं होतं आणि मला तो दिसला नव्हता.

त्यानंतर रिकाम्या रस्त्यावरही माझा पाय ब्रेकवर जाऊ लागला. मागे कुणीतरी बसलं आहे असं भर दुपारी वाटायचं. आरशात बघायचं मी टाळू लागले. पडदे काढून टाकले, तरी ते वाटणं गेलं नाही. शेवटी मी शेठजींच्या पत्नीकडे गेले आणि त्या गावाचं नाव घेतलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "हे चालवत होते. मी मागे बसले होते. थांबा म्हणायला तोंडच उघडलं नाही माझं."

"मग गाडी ठेवलीत कशाला?"

"विकली असती तर सुटले असते मी. तसं सुटायचं नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चला."

त्या मागेच बसल्या, त्याच जागी. आम्ही गावाबाहेर उतरून पारापर्यंत चालत गेलो. तो माणूस उठला, पण या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. शेठाणीबाईंनी त्याला आपण कोण ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मले एकच इचाराचं हाये," तो म्हणाला. "तुमी मांगं वळून पाह्यलं होतं का?"

"हो."

"पोरगी हालत होती का?"

"हो," बाई म्हणाल्या.

तो खाली बसला. बाईंनी हात जोडले, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. शेवटी घरातून त्याची बायको आली आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

परतताना बाई गाडीत बसल्या नाहीत. मोठ्या रस्त्यावर येऊन त्यांनी एसटीला हात केला. मी ती गाडी एकटीने अकोल्याला आणली, त्यांच्या आवारात लावली आणि किल्ली गड्याजवळ दिली. कराराचं अजून जवळजवळ वर्ष उरलं होतं. दोघींपैकी कुणीही त्याचा विषय काढला नाही. पुढे त्या अमरावतीला लेकीकडे गेल्या. गाडी तिथेच गंजली.

मी खेड्यांवर एसटीने जाऊ लागले. दर बुधवारी त्या गावात शाळेच्या ओसरीवर रोगी तपासायला बसायची. एका हिवाळ्यात तो पारावरचा माणूस खोकला घेऊन आला. मी नळी छातीला लावून म्हटलं, "मोठा श्वास घ्या." त्याने घेतला. मी औषध दिलं आणि तीन दिवसांनी दाखवायला सांगितलं. तो आला नाही. बायकोला पाठवून त्याने कळवलं, बरं वाटून राहिलं.