रशीदभाईंचा फुगा

फुगा लिंबाएवढा झाला आणि तिथंच थांबला. शेजारचाही तेवढाच. मी आणि आमचे विभागप्रमुख सर सकाळपासून या दोन बाटल्यांकडे बघत बसलो होतो.

या बाटल्या म्हणजे आमचं काचेचं आतडं. मी तेव्हा हिंगोलीच्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे. पोटातले जंतू बाहेर जगवायचे तर पोटासारखंच घर द्यावं लागतं: अंगाइतकी ऊब, खायला पीठ, आणि हवा अजिबात नको. म्हणून बाटलीत ताजी विष्ठा कालवायची, हरभऱ्याचं पीठ टाकायचं, नायट्रोजन सोडून हवा हाकलायची आणि तोंडाला फुगा बांधून गरम पाण्यात ठेवायचं. जंतू पीठ खातात, गॅस सोडतात, फुगा फुगतो. मोठ्या शहरात यासाठी महागडं मशीन असतं. आमच्याकडं वाढदिवसाचे फुगे होते.

पहिला डबा मी घरावरून नेला तेव्हा आई म्हणाली, "तुह्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायची सोडली, अन् तू शिकूनसवरून लोकायचं हागणं डब्यात आणून राहिली?" मी दोनदा हात धुतले आणि जेवायला बसले.

एक बाटली सरांची. निरोगी माणूस म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानानं स्वतःचंच दिलं होतं. दुसरी जवळा बाजारच्या रशीदभाईंची. सोयाबीनचे व्यापारी. त्यांना आयबीएस, म्हणजे आतडं दिसायला ठणठणीत आणि वागायला बेरकी. सगळे रिपोर्ट नॉर्मल, माणूस मात्र पोट धरून संडासाच्या वाटेवर. धाकटा भाऊ सलीम चारचौघांत म्हणायचा, "काम आलं की भाईचं पोट दुखतं." रशीदभाई मला म्हणाले होते, "मॅडम, दवा लई झाली. घरच्यायला एवढं दाखवा, की मी नाटक नाही करून राहिलो."

आणि आता सर म्हणत होते, "दोन्ही फुगे सारखे. तुमच्या शेठला काही झालेलं नाही. मनाचं आहे. तसं सांगून टाका."

मला सरांचा राग आला, फुग्याचाही आला. हे तोंड घेऊन मी जीपनं जवळा बाजारला गेले.

दुकानात रशीदभाई एका गिऱ्हाइकाला नमुना दाखवत होते. तळहातावर निवडलेले, सोन्यासारखे दाणे. गिऱ्हाइकानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं लोखंडी नळी सरळ पोत्याच्या पोटात खुपसली आणि आतला माल काढून पाहिला. मी ते बघत राहिले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"रशीदभाई, डब्यातलं तुमचंच होतं ना?"

त्यांनी मान खाली घातली. "मॅडम, झूट कशाला बोलू. माझं लई पातळ, वास तर विचारूच नका. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईच्या हातात तसलं कसं द्यावं? सलीमचं घट्ट, छान असतं. तेच भरलं. आमच्याकडून खराब नमुना कधी जात नाही."

मी काट्यामागच्या सलीमकडं पाहिलं. "भाईनं मागितलं, दिलं," तो म्हणाला. "काहून मागितलं ते कोण विचारतं?"

म्हणजे ज्यानं भावाला नाटकी ठरवलं, त्याच्याच पोटावरून सरही तेच ठरवायला निघाले होते. मला हसू आवरेना.

पुढच्या खेपेला दोघं भाऊ स्वतः डबे घेऊन आले. या वेळी तीन बाटल्या. दुसऱ्या दिवशी सरांचा फुगा लिंबू, सलीमचा लिंबू, आणि रशीदभाईंचा पपई. सर चष्मा सावरत वाकले, तेवढ्यात दोरा सुटला आणि फुग्यातला सगळा गॅस त्यांच्या तोंडावर आला.

खोली रिकामी झाली. सलीम व्हरांड्यात नाकाला रुमाल लावून उभा. "भाई, हे तुमच्या पोटात असतं?"

"रोज," रशीदभाई म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. सलीमनं त्यांचा हात धरला आणि जीपपर्यंत सोडला नाही.

एका फुग्यावरून रोग सिद्ध होत नाही, हे मी दोघांना बजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. रशीदभाईंचं पोट पुढंही दुखायचं, पण दुखलं की सलीम म्हणायचा, "भाई, तुमी घरी जा, काटा मी बघतो."

तेव्हापासून डबा देताना मी पेशंटला आधीच सांगते: जेवढं खराब, तेवढं आमच्या कामाचं. आणि डबा परत आला की तरीही विचारते, तुमचंच ना?